शिंप्याचा मुलगा आणि इंग्रजीचा महाकोश

लंडनच्या सीमेवरील मिल हिल येथील एका शाळामास्तराने १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसशी एक करार केला. इंग्रजी भाषेचा नवा कोश दहा वर्षांत पूर्ण करायचा, चार खंड आणि सुमारे सात हजार पाने भरतील इतपत मजकूर द्यायचा आणि त्याबद्दल एकूण नऊ हजार पौंड स्वीकारायचे, असा तो व्यवहार होता. सहायकांचे पगारही याच रकमेतून भागवायचे होते. पाच वर्षे उलटली तेव्हा कोश 'ए' या पहिल्याच अक्षरात, 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दापाशी पोहोचला होता. पुढे हे काम ४९ वर्षे चालले. खंड दहा झाले आणि पाने पंधरा हजारांच्या वर गेली. करारावर सही करणारे जेम्स ऑगस्टस हेन्री मरे तोपर्यंत हयात राहिले नाहीत.

इंग्रजी शब्दांविषयीच्या वादात अखेरचा निवाडा म्हणून आज ज्या ऑक्सफर्ड कोशाकडे बोट दाखवले जाते, त्याचा पाया घालणारा हा माणूस ऑक्सफर्डचा विद्यार्थी नव्हता. इतकेच काय, चौदाव्या वर्षानंतर त्याने नियमित शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.

स्कॉटलंडच्या दक्षिणेस, इंग्लंडच्या सीमेलगत टेव्हियट नदीच्या खोऱ्यात डेनहोम नावाचे खेडे आहे. तेथील शिंपी थॉमस मरे यांच्या घरी ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्सचा जन्म झाला. भावंडांत तो थोरला. दीड वर्षाचा असताना त्याला मुळाक्षरे येत होती, असे घरातली मंडळी सांगत. धाकटा भाऊ जन्मला तेव्हा या चिमुरड्याने आपले अक्षरांचे पुस्तक पाळण्यापाशी नेले आणि बाळाला गोल 'ओ' व वाकडा 'एस' दाखवण्याची तयारी केली, ही आठवणही कुटुंबात जपली गेली. चिनी भाषेतील बायबलचे एक पान हाती आले, तर त्यातील चिन्हे तो एकेक करून उतरवून काढू लागला. त्यांचा अर्थ सांगणारे गावात कोणी नव्हते, परंतु एकच चिन्ह कुठे कुठे पुन्हा येते हे ताडून पाहायला अर्थ लागत नाही. पुढे आयुष्यभर मरे यांनी जे केले, त्याची रीत या पोरखेळात दिसते.

गरिबीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. गुरे राखणे, शेतावर राबणे, मिळेल ते काम करणे ओघानेच आले. खिशात मात्र पुस्तक असे. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लॅटिन, फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि ग्रीक या भाषांशी त्याने कमीअधिक ओळख करून घेतली होती. गाईंना लॅटिनमध्ये हाका मारून त्यांनी ओ द्यावी, असा प्रयत्न त्याने केला म्हणतात. ही आख्यायिका असू शकेल, पण त्या मुलाला शोभेल अशी आहे. शब्दांखेरीज दगड, रानफुले, जुनी थडगी, तारे, असे काहीही त्याला वर्ज्य नव्हते. नावदेखील त्याने स्वतःच वाढवून घेतले. आसपास जेम्स मरे बरेच असल्याने गोंधळ होई, म्हणून अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने मध्ये 'ऑगस्टस हेन्री' घातले.

सतराव्या वर्षी जवळच्या हॉइक या गावी सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली आणि विसाव्या वर्षी तो तेथील एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. याच काळात सीमाभागातील बोलीकडे त्याचे लक्ष वळले. एका दरीतला माणूस एखादा स्वर जसा उच्चारतो, तसा पलीकडच्या दरीतला उच्चारत नाही, हे त्याने कानाने टिपले होते. ते शास्त्रशुद्ध कसे नोंदवावे हे शिकण्यासाठी त्याने एडिंबरो येथे अलेक्झांडर मेल्व्हिल बेल या उच्चारशास्त्रज्ञाचे वर्ग केले. बेल यांच्या लहान मुलाला मरे यांनी विजेचे पहिले धडे दिले, नाणी आणि जस्ताच्या चकत्या रचून घट करून दाखवला. हा मुलगा म्हणजे पुढे टेलिफोनमुळे जगप्रसिद्ध झालेला अलेक्झांडर ग्रॅहम बेल.

हॉइकमधला मान्यवर मास्तर म्हणून त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. नियतीच्या मनात ते नव्हते. १८६२ मध्ये मॅगी स्कॉट या शिक्षिकेशी मरे यांचा विवाह झाला. मुलगी झाली, ती तान्हेपणीच दगावली. पत्नीला क्षयाने गाठले. स्कॉटलंडची थंडी तिला मानवणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर १८६४ मध्ये मरे यांनी शाळा, मित्रमंडळी, सारे सोडून लंडन गाठले आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडियामध्ये कारकुनी पत्करली. वर्षभरातच मॅगीही गेली. हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या त्या पेढीत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या या कारकुनापाशी त्या वेळी भाषांचा छंद सोडला तर फारसे काही उरले नव्हते.

छंदाची व्याप्ती मात्र थक्क करणारी होती. १८६६ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील नोकरीसाठी केलेल्या अर्जात त्यांनी आपल्याला येणाऱ्या भाषांची यादी दिली. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, कॅटलान व लॅटिन या चांगल्या येणाऱ्या. पोर्तुगीज, डच, जर्मन, डॅनिश या बऱ्यापैकी. शिवाय जुनी इंग्रजी, गॉथिक आणि रशियन. तौलनिक अभ्यासापुरती फार्सी व संस्कृत. हिब्रू व सिरियाक वाचता येण्याइतपत. अर्ज फेटाळला गेला. ही यादी आज वाचताना आत्मप्रौढीची वाटते खरी. मात्र पदवी नसलेल्या माणसाला आपले ज्ञान सांगण्याची दुसरी वाट नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

१८६७ मध्ये त्यांनी एडा रुथव्हेन यांच्याशी दुसरा विवाह केला. या लग्नात नवरदेवाचा पाठीराखा होता तो ग्रॅहम बेल. एडाबाई हिशेबी, खंबीर आणि दूरदृष्टीच्या होत्या. मरे यांच्या पुढील आयुष्यातील पत्रव्यवहाराचा आणि जमाखर्चाचा मोठा भार त्यांनी उचलला. या दांपत्याला सहा मुलगे आणि पाच मुली झाल्या आणि त्या काळाचा विचार करता नवल म्हणजे अकराही अपत्ये मोठी झाली. त्यांची नावे ठेवतानाही बापाने शब्दांचा सोस सोडला नाही. एथेलबर्ट, ऑस्विन, एल्फ्रिक, रॉस्फ्रिथ अशी जुन्या अँग्लो-सॅक्सन वळणाची नावे त्या घरात घुमत असत.

१८७० मध्ये बँक सोडून मरे मिल हिलच्या शाळेत शिक्षक झाले. पुढच्या पाच वर्षांत दक्षिण स्कॉटलंडच्या बोलींवरील त्यांचा ग्रंथ आला (१८७३), लंडन विद्यापीठाची पदवी मिळाली आणि एडिंबरो विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीच्या सभांना ते जाऊ लागले होतेच. या सोसायटीच्या गळ्यात एक लोढणे अडकले होते. उपलब्ध कोशांत असंख्य शब्द सुटलेले आहेत आणि जे आहेत त्यांचा इतिहास दिलेला नाही, हे १८५७ मध्ये तिच्या सभासदांनी दाखवून दिले होते. पुढच्या वर्षी अगदी नवा कोश करण्याचे ठरले. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी ५४ कप्प्यांचे कपाट तयार करून घेतले आणि १८६१ मध्ये तिशीतच ते क्षयाने मरण पावले. नंतरचे संपादक फ्रेडरिक फर्निव्हल उत्साहाचा धबधबा होते, पण धबधब्याचे पाणी कोणी रांजणात भरून ठेवत नाही. वीस वर्षांत काम जवळजवळ विस्कटून गेले. बरेच प्रकाशक चाचपून झाल्यावर ऑक्सफर्ड तयार झाले आणि संपादक म्हणून सर्वांची नजर मरे यांच्याकडे वळली.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. मरे यांचा जन्म होण्याच्या सहा वर्षे आधी, १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापून झाला होता. कँडी बंधू आणि एतद्देशीय शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने एका लष्करी अधिकाऱ्याने बोलीतला शब्द न् शब्द वेचून तो सिद्ध केला होता. मरे यांच्यापुढचे काम वेगळ्या जातीचे होते. शब्दाचा अर्थ देऊन थांबायचे नव्हते. तो शब्द लेखनात प्रथम कधी आला, त्याचा अर्थ शतकागणिक कसा पालटत गेला, एखादा अर्थ केव्हा मावळला, हे प्रत्यक्ष ग्रंथांतील तारीखवार दाखल्यांनिशी सिद्ध करायचे होते. मत चालणार नव्हते, पुरावा हवा होता.

त्यासाठी मरे यांनी शाळेच्या घरापुढील बागेत लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली आणि तिला 'स्क्रिप्टोरियम' हे मध्ययुगीन मठांतील लेखनशाळेचे नाव दिले. आत १,०२९ कप्पे होते. फर्निव्हल यांच्याकडून जुन्या चिठ्ठ्या आल्या त्या पोत्यांतून आणि पेट्यांतून, वजन जवळजवळ दोन टन. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात एका उंदरीने पिलांसह संसार थाटला होता. 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला असल्याचे कळले. 'पीए'पासून सुरू होणाऱ्या शब्दांचा गठ्ठा आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडला आणि त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या चूल पेटवण्यासाठी वापरून झाल्या होत्या. सारे गोळा करण्यात, लावण्यात पहिले कित्येक महिने गेले.

एप्रिल १८७९ मध्ये मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या जनतेला उद्देशून एक पत्रक काढले. पुस्तके वाचा, लक्षवेधी शब्द दिसला की त्याचे वाक्य, ग्रंथाचे नाव, साल व पान चिठ्ठीवर लिहून पाठवा, अशी ती विनंती होती. केवळ असाधारण शब्द नकोत, साध्या शब्दांचेही दाखले हवेत, असेही त्यांना वारंवार बजावावे लागले. वाचक मंडळी दुर्मिळ शब्दांवर तुटून पडत आणि रोजचे शब्द कोरडेच राहत. ब्रिटनमधून, अमेरिकेतून, वसाहतींतून दररोज सुमारे हजार चिठ्ठ्या येऊ लागल्या. पुढे हा साठा पन्नास लाखांवर गेला. मरे यांची मुले खाऊच्या पैशांसाठी त्या अकारविल्हे लावत बसत आणि त्यांची शब्दसंपत्ती ऐकून शेजारीपाजारी चकित होत. अर्थ अडला तर मरे खुद्द लेखकाला पत्र टाकत. जॉर्ज इलियट यांनाही त्यांच्या कादंबरीतील एका शब्दाविषयी विचारणा झाली होती.

स्वयंसेवकांपैकी डॉ. विल्यम मायनर यांची कथा आज सर्वतोमुखी आहे. अमेरिकन सैन्यातील या शल्यविशारदाने मनोविकाराच्या भरात १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध कामगाराला गोळी घातली होती. ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयातील कोठडीतून त्याने हजारो दाखले पाठवले. मरे आपल्या या साहाय्यकाला भेटायला गेले आणि तो तेथील डॉक्टर नसून रुग्ण आहे हे पाहून अवाक् झाले, ही गोष्ट वृत्तपत्रांनी रंगवलेली आहे. वस्तुस्थिती अशी, की १८९१ मध्ये पहिली भेट होण्यापूर्वीच त्यांना सारे ठाऊक झाले होते. ठाऊक असूनही ते गेले आणि पुढे जात राहिले. सायमन विन्चेस्टर यांचे १९९८ मधील पुस्तक व त्यावरील २०१९ चा चित्रपट यांमुळे मायनर घरोघरी पोहोचले.

त्या मानाने फिट्झएडवर्ड हॉल यांचे नाव उपेक्षित राहिले आहे. हाही अमेरिकनच. १८४६ मध्ये पळून गेलेल्या भावाच्या शोधात निघालेला हा तरुण बंगालच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटल्याने हिंदुस्थानात राहिला, संस्कृत शिकला आणि बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात प्राध्यापक झाला. पुढे लंडनला गेल्यावर विद्वानांशी त्याचे बिनसले आणि सफकमधील एका खेड्यात तो एकांतवासात राहू लागला. तेथून जवळपास वीस वर्षे, दररोज कित्येक तास, एक पैही न घेता त्याने कोशाची मुद्रिते तपासली आणि हजारो दाखल्यांची भर घातली. १९०१ मध्ये हॉल वारले. मरे आणि ते एकमेकांना कधीही भेटले नाहीत. कोशातील हिंदुस्थानी मुळाच्या शब्दांसाठी मरे यांना आणखी एक आधार मिळाला तो १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या यूल व बर्नेल यांच्या कोशाचा.

हे सारे वाचायला रम्य असले तरी मरे यांच्या घरात त्या वर्षांत चिंतेचे सावट होते. पहिला भाग १ फेब्रुवारी १८८४ रोजी निघाला. ३५२ पानांचा, किंमत साडेबारा शिलिंग. त्यापूर्वीच ऑक्सफर्डच्या धुरिणांचा धीर सुटत चालला होता. कुलगुरू बेंजामिन जॉवेट यांनी सूचनांची जंत्रीच पाठवली. दाखले थोर लेखकांचेच असावेत, वृत्तपत्रांतले नकोत, ही त्यातली एक. मरे यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. भाषा वृत्तपत्रांतही घडते आणि पुष्कळ शब्द तेथेच प्रथम छापले जातात, हा त्यांचा अनुभव होता. (वृत्तपत्र वाचणाऱ्याने यासाठी तरी त्यांचे ऋणी राहावे.) जॉवेट यांनी मरे यांची प्रस्तावनाही आपल्या हाताने फिरवली, तेव्हा मरे राजीनाम्याच्या तोंडाशी आले. बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर हेन्री हक्स गिब्ज यांनी मध्ये पडून तडजोड घडवली. या गिब्ज यांनीच मरे यांना कर्जही दिले होते, कारण नऊ हजार पौंडांत सहायकांचे पगार, टपालखर्च आणि अकरा मुलांकडे वाढत चाललेला संसार भागत नव्हता. ग्लॅडस्टन यांच्या सरकारने वार्षिक २५० पौंडांचे मानधन दिले तेव्हा कुठे श्वास घेता आला. जॉवेट यांच्याशी मात्र नंतर इतके सख्य जडले, की मरे यांनी धाकट्या मुलाच्या नावात जॉवेट घातले.

१८८५ मध्ये शाळेची नोकरी सोडून मरे कुटुंब ऑक्सफर्डला आले. बॅनबरी रोडवरील घराच्या आवारात नवी पत्र्याची खोली उभी राहिली. शेजारच्या प्राध्यापक महाशयांना आपल्या खिडकीतून ती दिसायला नको होती, म्हणून ती जमिनीत काही फूट खोल बांधावी लागली. परिणामी आत ओल आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारा गारठा. मरे पाय खोक्यात घालून, जाड कोट पांघरून, डोक्यावर डॉक्टरेटची काळी टोपी घालून लिहीत बसत. सर्दी-पडशाने ते कितीदा तरी अंथरुणाला खिळले. टपाल इतके येई-जाई, की टपाल खात्याने घरासमोर स्वतंत्र टपालपेटी बसवली. नुसते डॉ. मरे, ऑक्सफर्ड एवढे लिहिलेले पत्रही बिनचूक पोहोचत असे.

शहराने त्यांना टपालपेटी दिली, विद्यापीठाने मात्र आपलेसे करायला फार वेळ लावला. तेथील कोणत्याही महाविद्यालयाने त्यांना फेलो केले नाही आणि सन्मान्य डॉक्टरेट देण्याची आठवण ऑक्सफर्डला १९१४ मध्ये, मरे ७७ वर्षांचे असताना झाली. राजाने 'सर' किताब १९०८ मध्येच दिला होता.

चुकाही झाल्या आणि त्यांची बोच मरे यांना लागून राहिली. 'बाँडमेड' म्हणजे दासी या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी सरकल्या आणि 'बी'चा तो भाग छापून झाल्यावर सापडल्या. हा शब्द कोशात यायला १९३३ ची पुरवणी उजाडावी लागली. 'अपेंडिसायटिस' हा नवा वैद्यकीय शब्द तज्ज्ञाच्या सल्ल्यावरून वगळला होता. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक नेमक्या त्याच दुखण्यामुळे पुढे ढकलला गेला आणि तो शब्द सर्वांच्या तोंडी झाला. लाखो चिठ्ठ्यांच्या कामात हे किरकोळच म्हणायचे, पण कोशकाराला लोक भेटतात ते सुटलेला शब्द दाखवायलाच.

काम वेगाने व्हावे म्हणून हेन्री ब्रॅडली यांना दुसरे संपादक नेमण्यात आले. शेफील्डच्या एका सुऱ्या-कात्र्यांच्या पेढीत कारकुनी केलेला हा माणूस मरे यांच्यासारखाच स्वयंशिक्षित होता आणि पहिल्या भागाचे मार्मिक परीक्षण लिहून तो मरे यांच्या नजरेत भरला होता. नंतर विल्यम क्रेगी आणि चार्ल्स ओनियन्स आले. तरीही 'ए' ते 'डी', 'एच' ते 'के', 'ओ', 'पी' आणि 'टी' ही अक्षरे मरे यांच्याच वाट्याला आली. संपूर्ण कोशाचा जवळजवळ अर्धा मजकूर या एका हाताखालून गेला.

आपल्या ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश संपावा, अशी त्यांची आकांक्षा होती. महायुद्ध सुरू झाले, तरुण सहायक आघाडीवर गेले. प्रकृती ढासळलेली असतानाही मरे 'टी' अक्षरावर काम करत होते. जुलै १९१५ मध्ये स्क्रिप्टोरियममध्ये सहकाऱ्यांसह त्यांचे छायाचित्र घेण्यात आले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. वुल्व्हरकोट येथील दफनभूमीत त्यांचे मित्र, चिनी भाषेचे प्रकांड पंडित जेम्स लेग यांच्याशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

कोशाचा अखेरचा भाग १९ एप्रिल १९२८ रोजी प्रसिद्ध झाला. ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून अधिक दाखले. ब्रॅडलीही १९२३ मध्ये वारले होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये पंतप्रधान स्टॅन्ले बाल्डविन यांच्या उपस्थितीत मोठी मेजवानी झाली. पंगत केवळ पुरुषांची होती. बालपणी चिठ्ठ्या लावता लावता कोशाच्या कामात शिरलेली आणि तो पुरा होईपर्यंत त्यातच राहिलेली मरे यांची कन्या रॉस्फ्रिथ वरच्या सज्जात बसून तो सोहळा पाहत होती.